इथं आली की गाडी शहाणी

रिमान्तेच्या शटरसमोर गाडी लावायची नाही, हे पानेवेझिस शहरातल्या त्या गॅरेजगल्लीत कुत्र्यामांजरांनासुद्धा ठाऊक होतं. आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी, पावसाची बुरबुर चालू असताना, एक हिरवी जुनी गाडी नेमकी तिथंच येऊन गचकली. आतला माणूस उतरला आणि बॉनेट उघडून आत बघत उभा राहिला. ज्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही ती माणसं अशीच उभी राहतात, दोन्ही हात मागे बांधून.

रिमान्ते शटरखालून वाकून बाहेर आली ती फणफणतच. एकतीस वर्षांची, हातात सोल्डरिंगची कांडी, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. राग तिच्या नाकावर कायम असायचा, सकाळी जरा जास्त.

“गाडी काढा.”

“काढली असती, पण –” तो वळला. त्याच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब होते. “ती ऐकत नाही.”

“मग कुणाचं ऐकते?”

“सप्टेंबरपर्यंत माझं ऐकायची. आता सुरू होते, दोन सेकंद चालते आणि रुसते. कुणासारखी ते सांगत नाही, आपली नुकतीच ओळख झालीय.”

“ओळख झालेली नाही,” रिमान्ते म्हणाली. “किल्ली द्या.”

त्यानं खिशातून जुडगा काढला, गाडीची किल्ली नखानं सोडवली, तिच्या हातावर ठेवली आणि बाकीचा जुडगा परत खिशात टाकला. त्यात वावगं काही नव्हतं. घराच्या किल्ल्या परक्याच्या हातात कोण देतं? रिमान्ते गाडीत बसली, किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि सुरूच राहिली, अगदी गुणी बाळासारखी.

शेजारच्या गॅरेजातून वात्सलोवासकाकांनी डोकं बाहेर काढलं. चाळीस वर्षं पत्रे ठोकून त्यांना ऐकू कमी यायचं, पण टोमणा मारायची वेळ मात्र कधी चुकायची नाही. “इथं आली की गाडी शहाणी होते वाटतं,” ते म्हणाले आणि आत गेले.

आता खरं तर तिनं त्या माणसाला हाकलून द्यायला हवं होतं. पण रिमान्तेला एक खोड होती. गाडी खोटं बोलतेय की माणूस, हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिनं आपलं यंत्र आणलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडलं आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला विचारलं. त्यानं सांगितलं, किल्ली ओळखली नाही, अकरा वेळा. म्हणजे माणूस खरं बोलत होता. तिला जरा बरं वाटलं, आणि का बरं वाटलं याचा लगेच रागही आला.

त्याचं नाव रमूनास. पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम. रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाणी कुठं सुटतंय ते ऐकायचं. हे तिनं विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. जाताना तो हेही म्हणाला की तुमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात खाली बारीक गळती आहे, ऐकू येतेय. तिनं त्याला वेड्यात काढलं. पुढच्या आठवड्यात खात्याची माणसं येऊन खणून गेली, आणि गळती निघाली.

तोवर गाडी तीनदा बंद पडली होती. एकदा औषधांच्या दुकानासमोर, एकदा साखर कारखान्यामागे, एकदा भर चौकात. दर वेळी अर्धा तास रुसून मग आपोआप सुरू झाली, आणि दर वेळी रिमान्तेच्या दारात आली की शहाणी.

दुसऱ्या खेपेला तिनं त्याला स्टुलावर बसवलं आणि डॉक्टर विचारतो तसं सगळं विचारून घेतलं. तिची पद्धतच तशी होती. त्यालाही तिनं समजावलं, की किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. किल्ली फिरवली की गाडी तिला विचारते, तू आमच्यातलीच ना? चिपनं बरोबर उत्तर दिलं तर इंजिन चालतं, नाही दिलं तर दोन सेकंदांत बंद. चोरांसाठी केलेली सोय आहे, इमोबिलायझर म्हणतात. आता तुमची चिप बोलत नाही, की गाडीला ऐकू येत नाही, की इंजिनचा कॉम्प्युटर विसरतो, हे मला शोधायचंय. त्यामुळे माझ्याशी खोटं बोलायचं नाही. माझ्याकडे येण्याआधी कुणी हात लावला असेल, कुठं आपटली असेल, पाण्यात बुडली असेल, सगळं सांगायचं. मी रागवेन, पण दुरुस्त करीन.

“तुम्ही न रागावता कधी दुरुस्त करता?” त्यानं विचारलं.

“नाही. विचारलं त्याचं उत्तर द्या. या किल्लीच्या जुडग्यात आणखी काही असतं? दुसऱ्या गाडीची किल्ली? बिल्डिंगचं दार उघडायची चकती?”

तो थांबला. क्षणभरच... पण थांबला. तिच्याकडे बघत होता. बाहेर पाऊस पत्र्यावर टिपटिपत होता, आणि रिमान्तेला आपल्या गालावर सोल्डरचा काळा डाग आहे हे एकदम आठवलं.

“नाही,” तो म्हणाला. “घराच्या साध्या किल्ल्या.”

तो थांबला ते तिला दिसलं होतं. दहा वर्षं गाड्यांचे रोग ओळखणारी बाई ती, तिला न दिसून कसं चालेल? पण त्या थांबण्याचा अर्थ तिनं भलताच लावला, आणि त्या रात्री ती डाग धुताना आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली.

मग सुरू झालं काम. आधी तिनं त्याला नवी किल्ली करून दिली. गाडी चार दिवस चालली आणि बंद पडली. मग किल्लीच्या भोकाभोवतीची तारेची कॉइल बदलली, जिच्यामार्फत गाडी चिपशी बोलते. सहा दिवस. मग वायरी तपासल्या, एकेक, फूट फूट करून. शेवटी तिनं इंजिनचा कॉम्प्युटर उघडला, सूक्ष्मदर्शकाखाली दोन दिवस डोळे फोडले, आणि संशय येईल तो सोल्डरचा प्रत्येक टाका नव्यानं मारला. त्या दोन दिवसांत रमूनास संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचा. येताना लसूण चोळलेला तळलेला काळा पाव आणायचा, तिच्या आवडीचे, वरून चॉकलेटचं कवच असलेले गोड चक्क्याचे लाडू आणायचा. तिचे हात कामात असले तर लाडवाचा कागद सोलून तिच्या तोंडाशी धरायचा, आणि स्वतः दुसरीकडे बघायचा. तुम्ही-तुम्ही कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

“तुला पाण्याचा आवाज नक्की कसा ऐकू येतो?” तिनं एकदा विचारलं.

“बाकीचं सगळं गप्प होईपर्यंत थांबायचं.”

“मी गप्प होत नाही.”

“म्हणून तर इथं मला काहीच ऐकू येत नाही. बरं वाटतं.”

ती हसली. रिमान्ते हसली हे वात्सलोवासकाकांनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं.

कॉम्प्युटर परत बसवला, गाडी गेली, आणि पाचव्या दिवशी बेकरीसमोर बंद पडली.

आता यातली खरी गोम सांगते. रिमान्तेकडे नाव सोडून दुसरं काही नव्हतं. आईबाप आयर्लंडात मशरूमच्या शेडमध्ये राबत होते, घर भाड्याचं होतं, गॅरेज आजोबांचं. पण अख्ख्या पानेवेझिसमध्ये लोक म्हणायचे, गाडीचा मेंदू बिघडला तर त्या चिडक्या पोरीकडे न्या, तिनं दुरुस्त केलेली गाडी परत दुरुस्तीला येत नाही. आणि ही हिरवी गाडी पाच वेळा परत आली होती. रिमान्तेला रात्री झोप लागेना. डोळे मिटले की टाके दिसायचे. डिसेंबरात एका नर्सची गाडी आली, असाच रोग, किल्ली ओळखत नाही. तिनं ती गाडी उघडलीसुद्धा नाही. माझ्याच्यानं होणार नाही, दुसरीकडे न्या, म्हणाली. नर्स गेली, आणि रिमान्ते शटर खाली ओढून आत रडत बसली. स्वतःच्या हातांकडे बघून ती रडत होती.

हे तिनं रमूनासला सांगितलं नाही. त्याला तिनं फक्त इतकंच सांगितलं, की नाताळच्या आदल्या दिवशी मी काकांकडे जेवते, दर वर्षी. रीतीप्रमाणं बारा पदार्थ असतात, बारावा काकूंना आयत्या वेळी सुचतो. तू ये. एकट्यानं त्या दिवशी जेवू नये.

तो पुन्हा थांबला. या वेळी खाली बघून.

“चोवीस तारखेला... नाही जमणार.”

“का?”

“नाही जमणार, रिमान्ते.”

तिनं पुढं विचारलं नाही. ज्या बाईनं गाडीची वायर न वायर तपासली तिला माणसाला दोनदा विचारायचा धीर झाला नाही.

चोवीस तारखेला दुपारी एक वाजता त्याचा फोन आला. बाजाराच्या मागं गाडी अडकली होती, मागं माशांचा टेंपोवाला शिव्या देत होता, आणि आज गाडी शहाणी होईपर्यंत वाट बघायला वेळ नव्हता. येतेस का?

आजवर गाडी तिच्याकडे यायची, ती कधी गाडीकडे गेली नव्हती. ती यंत्र घेऊन गेली. बर्फ नव्हतं, नुसती हाडं फोडणारी ओली थंडी. रमूनासच्या गाडीत मागच्या सीटवर पिशव्या होत्या. खारवलेलं हेरिंग, खसखस, बीट, सुकवलेल्या अळंब्यांची माळ, आणि वर चर्चमधून आणलेल्या कागदासारख्या पातळ पोळ्यांचं पाकीट. एकट्या माणसाचा बाजार तो नव्हता. रिमान्तेनं बघितलं आणि ओठ आवळले.

“किल्ली.”

तो जुडग्यातून किल्ली सोडवायला लागला. बोटं गारठलेली, कडं सुटेना. माशांचा टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. रिमान्तेनं जुडगाच हिसकावून घेतला, किल्ली तशीच भोकात घातली आणि फिरवली. इंजिन दोन सेकंद चाललं आणि बंद पडलं.

तिनं खाली बघितलं. किल्लीच्या डोक्याला चिकटून एक निळी चकती लोंबत होती. बिल्डिंगचं दार उघडायची, चिपची.

दोन चिपा एका जागी आल्या की दोघी एकदम बोलतात, आणि गाडीला कुणाचंच धड कळत नाही. हे पोरगेल्या उमेदवारालाही माहीत असतं. तिनं चकती लांब धरली, किल्ली फिरवली, गाडी सुरू. चकती किल्लीला चिकटवली, बंद. सुरू. बंद. चार वेळा केलं तिनं ते, आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी पांढरा पडत गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालायला लावलं होतं तिला.

“हे कुणाचं दार?”

“रिमान्ते, मी सांगणार –”

“कुणाचं दार, रमूनास?”

“माझ्या बायकोच्या आईचं.” मग घाईनं, “आधीच्या बायकोच्या.”

मग त्यानं सांगितलं, हॉर्नच्या आवाजात, तुटक तुटक. बायको सहा वर्षांपूर्वी नॉर्वेला गेली ती तिकडचीच झाली. घटस्फोट झाला. आई इथं राहिली, साखर कारखान्यामागच्या बिल्डिंगमध्ये, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिचं औषधपाणी, बाजार तो बघतो. सप्टेंबरात बिल्डिंगला नवं कुलूप बसलं तेव्हा ही चकती आली. दोन वर्षांपूर्वी एक मैत्रीण होती, तिला हे कळलं तेव्हा ती सोडून गेली. गावातले लोकही हसतात, बायको पळाली आणि हा सासूच्या पिशव्या वाहतो म्हणून.

“मी विचारलं होतं तुला. स्टुलावर बसवून विचारलं होतं. तू थांबलास, आणि मला वाटलं तू माझ्याकडे बघत थांबलायस.”

“बघतच होतो.”

“मग खोटं कधी सुचलं?”

“बघता बघता,” तो म्हणाला. “आणि एकदा बोललो, मग दर वेळी तुझ्याकडे यायच्या आधी ती काढून ठेवायला लागलो. ही चकतीच गाडी बंद पाडते हे मला माहीत नव्हतं. शपथ.”

“तुला माहीत नव्हतं, पण मला कळलं असतं. पहिल्या दिवशी. पाच मिनिटांत.” तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. “म्हातारीचं करतोस म्हणून मी रागावले असते असं वाटलं तुला? अरे, मी तुला डोक्यावर घेतलं असतं. पण तू मला तीन महिने माझ्या हातांवर संशय घ्यायला लावलास. मी एका नर्सला दारातून परत पाठवलं. माझे हात गेले असं समजून मी रडलेय, आणि तू समोर बसून मला लाडू भरवत होतास.”

तिनं चकती कड्यातून काढली, त्याच्या तळहातावर आपटली, आणि चालत निघाली. मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दुरुस्त झाली होती.

गॅरेजात येऊन तिनं सगळं आवरायला घेतलं, म्हणजे आदळायला घेतलं. पक्कड, पेटी, यंत्र. वात्सलोवासकाका नवा कोट घालून तिला न्यायला आले होते. पाच मिनिटं त्यांनी तो आवाज ऐकला, तेवढं त्यांना ऐकू यायचं. मग म्हणाले, काय झालं? तिनं सांगितलं. त्यांनी कान खाजवला.

“आज मनात राग घेऊन ताटावर बसायचं नसतं, पोरी. पहिली चांदणी दिसायच्या आत मिटवायचं. तुझी काकू तुला दारातूनच परत पाठवेल.”

“मी रागावलेली नाही.”

“तू पक्कड फ्रीजमध्ये ठेवलीस आत्ता.”

तिनं पक्कड बाहेर काढली. मग म्हणाली की ठीक आहे, जाते, पण मिटवायला नाही. त्याला अजून अर्धं बोलायचं राहिलंय, ते बोलून येते. काका म्हणाले, तेही चालेल.

साखर कारखान्यामागं पाचमजली बिल्डिंगा चार होत्या. तिसरीच्या खाली हिरवी गाडी उभी होती. पाटीवर नावं होती, पाचव्या मजल्यावर म्हातारीचं वाटावं असं एकच नाव, ब्रोने. रिमान्तेनं घंटी दाबली. भिंतीतून एक खरखरीत आवाज आला, कोण आहे? मी गाडीवाली, रिमान्ते म्हणाली, मला रमूनासवर ओरडायचंय.

“वर ये,” आवाज म्हणाला. “पायऱ्या जपून, तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय.”

दारात उभी असलेली बाई ऐंशीच्या पुढची, काठीएवढी बारीक, आणि डोळे असे की समोरच्याच्या खिशातलं बघतील. रिमान्तेनं मनात जी म्हातारी धरली होती, आजारी, विसराळू, उशीत बुडालेली, ती ही नव्हती. ब्रोनेबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, काय केलंय यानं? आणि रिमान्ते दाराच्या उंबऱ्यातच सुरू झाली. ऑक्टोबरापासून. स्टूल, प्रश्न, चकती, कॉइल, टाके, सगळं. रमूनास स्वयंपाकघरातून आला आणि दारात थबकला. बीट किसत होता, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

ब्रोनेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्याकडे वळल्या.

“माझ्या दाराची चकती खिशात लपवत होतास? मी काय चोरीची गाडी आहे?”

“आई, तसं नाही –”

“मग कसं? सहा वर्षं सांगतेय, येऊ नकोस, दुसरं लग्न कर, मी मरणार नाही एवढ्यात. ऐकलं नाहीस. येतोस ते येतोस आणि वर माझी लाज बाळगतोस. माझी मुलगी वर्षातून दोनदा फोन करते, ती लाज मला पुरे आहे. तुझी आणि कशाला?”

आता दोन बायका त्याच्याकडे बघत होत्या, सारख्याच रागानं. रमूनासनं हात पुसायला फडकं शोधलं, मिळालं नाही, मग हात तसेच धरून उभा राहिला.

“लाज नाही, आई. भीती.” तो रिमान्तेकडे बघून बोलत होता, पण सांगत दोघींना होता. “दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, एक तर ही म्हातारी, नाहीतर मी. तेव्हा मला विचारसुद्धा करावा लागला नाही, आई, मी तुला निवडलं. पण रिमान्तेनं तसं विचारलं असतं तर... या वेळी काय निवडलं असतं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून प्रश्नच येऊ दिला नाही.”

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. ब्रोनेबाई हळूच खुर्चीवर बसल्या. हे बोलणं त्यांना लागलं होतं, आणि आवडलंही होतं, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, बघ, सहा वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललास.

रिमान्तेला ओरडायचं होतं ते निम्मं उंबऱ्यातच संपलं होतं. डोळे भरून आले म्हणून ती आणखी चिडली.

“मी विचारलं होतं का तुला असं? एकदा तरी म्हणाले होते, ही की मी? माझ्या तोंडचा प्रश्न तूच विचारलास, तूच घाबरलास, आणि शिक्षा मला.”

“हो,” तो म्हणाला. “चुकलं.”

“नुसतं चुकलं म्हणू नकोस.”

“तीन महिने तुझ्यासमोर बसलो आणि तुझं काय चाललंय ते ऐकलं नाही. कामच ते माझं, आणि तेच केलं नाही.” तो एक पाऊल पुढं आला. “नर्सचा पत्ता दे. मी स्वतः जाऊन सांगतो, तुझ्या हातांत काही दोष नव्हता, दोष माझ्यात होता. चौकात उभा राहून सांग म्हणालीस तर तसंही सांगतो.”

खिडकीबाहेर कारखान्याच्या धुराड्यावर अंधार उतरला होता. ब्रोनेबाईंनी पडदा सरकवून बघितलं, चांदणी दिसली, म्हणाल्या, आणि रिमान्तेला विचारलं, संपला का राग?

“नाही.”

“मग बसता येणार नाही ताटावर. थांबू. हेरिंग गारच खायचं असतं, त्याला घाई नाही.”

रिमान्ते खिडकीपाशी गेली, परत आली. फोन काढून काकांना कळवलं की माझी वाट बघू नका. तिकडून काका काहीतरी म्हणाले आणि ती लाल झाली. मग ती ब्रोनेबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली, रमूनासकडे पाठ करून.

“मावशी, मी रविवारी येईन. हा आला किंवा नाही आला तरी.”

“मला कुणाची दया नको, पोरी.”

“दया कोण करतंय? याच्यावर रागवायला मला सोबत हवीय. एकटीला पुरत नाही.”

ब्रोनेबाई हसल्या. दातांची कवळी हलली, त्यांनी ती बोटानं सावरली आणि पुन्हा हसल्या. मग तीन ताटं मांडली, चौथं रीतीप्रमाणं जे नाहीत त्यांच्यासाठी, आणि पाकिटातून पातळ पोळी काढून रिमान्तेच्या हातात दिली. ही एकमेकांच्या हातातून मोडून घ्यायची, घरात नव्यानं येतं त्यानं आधी पुढं करायची, म्हणाल्या.

रिमान्तेनं पोळी रमूनाससमोर धरली. त्यानं लाल बोटांनी तिचा एक तुकडा मोडला. बीटाचा डाग पोळीला लागला, मग तिच्या अंगठ्याला.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे,” तो म्हणाला. हळू, पण म्हातारीला ऐकू जाईल इतपत.

“ठाऊक आहे,” रिमान्ते म्हणाली. “माझं नसतं तर मी एवढी चिडले असते का?”

आणि तिनं खुर्ची ओढली व ताटावर बसली.